औंधाची घटना, आटपाडीची माणसं

राज्यघटना नावाची गोष्ट आमच्या आटपाडीत दिल्लीच्या आधी औंधाहून आली. देशाचं संविधान 26 जानेवारी 1950 ला लागू झालं. त्याच्या अकरा वर्षं अगोदर, 21 जानेवारी 1939 ला, औंध संस्थानानं आपल्या रयतेसाठी स्वराज्याची घटना मंजूर केली होती. आटपाडी महाल तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींकडे होता. संस्थान चिमुकलं, 72 गावांचं, आणि तेही सलग नाही. औंध आणि किन्हई एकीकडे, कुंडल दुसरीकडे, गुणदाळ पार विजापूरच्या बाजूला, आणि आमचा महाल माणगंगेच्या काठी, पाऊस वाट चुकून येतो तिथं.

हल्ली संविधान बदलायची गोष्ट निघाली की माणसं लगेच दोन बाजूंना होतात. एक बाजू म्हणते, काना-मात्रा हलवू नका. दुसरी म्हणते, पाऊणशे वर्षं झाली, आता नवं लिहा. दोन्ही ऐकताना मला घरची आणि गावची म्हातारी माणसं आठवतात. त्यांनी एका आयुष्यात दोन घटना पाहिल्या. एक बुडताना पाहिली, दुसरी बदलताना पाहिली. त्या बदलांची खूण आमच्या सातबाऱ्यावर आहे, म्हणून हा प्रश्न मला घरचाच वाटतो.

माझा आज्जा पंतांचा भक्त. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 मध्ये गादीवर आले. सूर्यनमस्कारांचा त्यांना ध्यास. संस्थानातल्या शाळाशाळांतून पोरांना नमस्कार घालायला लावलेले. आज्जा सत्तरी उलटली तरी पहाटे अंगणात नमस्कार घालायचा आणि घालून झाल्यावर पंतांचं नाव घ्यायचा. राजे चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, गावोगाव फिरायचे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त तालमीच्या उद्घाटनाला राजा येतो तो प्रसंग ज्यांनी वाचला आहे, त्यांना हे राज्य कसं होतं ते वेगळं सांगायला नको. माणदेशातल्या एका धनगरवाडीत राजा येणं ही त्या काळी घडू शकणारी गोष्ट होती.

1938 च्या नोव्हेंबरात या राजानं जाहीर केलं की आता राज्य रयतेचं. यामागं दोन माणसं होती. एक त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत, नुकतेच विलायतेहून शिकून आलेले. दुसरे मॉरिस फ्रीडमन, पोलंडचे ज्यू अभियंते, बंगळूरला सरकारी वीजसाहित्याच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि पुढं भगवी वस्त्रं नेसून भारतानंद झाले. (निसर्गदत्त महाराजांची मुंबईतली निरूपणं इंग्रजीत आणली ती याच गृहस्थांनी.) मसुदा घेऊन मंडळी गांधीजींकडे गेली आणि गांधीजींच्या सल्ल्यानं घटना ठरली. पाया गाव. प्रत्येक गावानं पाच पंच निवडायचे. गावपंचायतींतून तालुका पंचायत, तालुक्यांतून वरची प्रतिनिधी सभा, आणि मंत्री त्या सभेला जबाबदार. राजा उरला तो रयतेचा पहिला सेवक म्हणून.

आज्जाला कलमं ठाऊक नव्हती. त्याला एक बांध ठाऊक होता. आमच्या भाऊबंदांत बांधाचं भांडण तीन पावसाळे चाललेलं, कुऱ्हाडीपर्यंत गेलेलं. पंचायत झाल्यावर पाचही पंच सकाळी शेतात आले. बरोबर मोटेचा नाडा. नाड्यानं दोन्ही बाजूंनी मोजलं, जुनी बोरीची झाडं कुठं होती ते म्हाताऱ्यांना विचारलं, दोन्ही घरच्या बायकांनाही विचारलं, आणि दिवस मावळायच्या आत बांध घालून दिला. "औंधला हेलपाटा न्हाई, वकील न्हाई, कुणाला चहा पाजायचा न्हाई," आज्जा सांगायचा. "गावचा न्याव गावात झाला. पैसाबी गावचा गावात ऱ्हायचा. पंतांनी आपल्या हातानं राज्य सोडलं बग."

त्याच 1939 सालात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. खुनासारख्या गुन्ह्यांत जन्मठेप झालेले संस्थानचे कैदी इथं आणून ठेवले, बायकापोरांसकट, आणि भोवती भिंत घातली नाही. कैद्यांनी माळ फोडायचा, विहिरीवर शेती करायची, शनिवारच्या बाजारात भाजी आणून विकायची. आमची आजी सांगायची, सुरवातीला बाया त्यांच्याकडची भाजी घ्यायला घाबरायच्या. मग एका दुष्काळी उन्हाळ्यात बाजारात हिरवी मेथी फक्त त्यांच्याच पाटीत दिसली, आणि भीती गेली. ग. दि. माडगूळकर याच मुलखातले, शेटफळ्याला जन्मलेले. स्वतंत्रपूरवरून त्यांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' 1957 मध्ये पडद्यावर आला. संस्थान गेलं, घटना गेली, पण स्वतंत्रपूर आज राज्याच्या कारागृह खात्याकडे खुली वसाहत म्हणून चालू आहे. आज्जाच्या भक्तीला आधार होता, हे मी मान्य करतो. माणसावर विश्वास टाकून राज्य करता येतं, याचा पुरावा आमच्या वेशीजवळ आहे.

पण गावात दुसरे एक म्हातारे होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. वडिलांच्या वर्गमित्राचे वडील, महारवाड्यातले, तरुणपणी तराळकी केलेले. चावडीचा सांगावा नेणं, वसुलाला माणसं बोलावणं, मेलेलं जनावर ओढणं आणि बदल्यात दारोदार भाकरी मागणं, ही तराळकी. आज्जाच्या तोंडून पंचायतीची गोष्ट मी पुष्कळदा ऐकली होती. आबांनी सांगितली ती एकदाच.

"पंच निवडायचेत, समद्यांनी पाराकडं यावं, ही दवंडी मीच दिली. गावभर फिरून दिली. लोक जमली. पंच पारावर बसलं, बाकीची मानसं पाराच्या कडंला. आमी लांब लिंबाखाली. हक्क व्हता म्हनं. पर पारावर चडायची छाती कुनाची? पंत चांगलं व्हतं. पंत काय पारावर बसाय येनार व्हतं का?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. दवंडी देणाऱ्याला दवंडीतला 'समद्यांनी' लागू नव्हता, एवढंच त्यांनी सांगितलं. आटपाडीच्या महारवाड्यातलं हे जिणं कुणाला सविस्तर पाहायचं असेल तर शंकरराव खरात यांचं 'तराळ-अंतराळ' वाचावं. खरात आटपाडीचेच. तराळाचा मुलगा शिकला, वकील झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, 1984 मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. एकाच संस्थानानं, एकाच काळात, आज्जाला न्याय दिला आणि आबांना लिंबाखाली उभं केलं. दोन्ही खरं आहे. औंधाचं कौतुक करताना पहिलं सांगून दुसरं गाळण्याची आपल्याकडे रीत पडली आहे, ती मला पटत नाही.

आबांची ही गोष्ट बाबासाहेब आंबेडकरांना कुणी सांगायची गरज नव्हती. 1932 मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतींचं विधेयक आलं तेव्हाच त्यांनी बजावलं होतं की नुसता मताचा हक्क पुरणार नाही, गावात दलित मूठभर असतात, त्यांच्या जागा राखून ठेवल्याशिवाय पंचायतीच्या हाती सत्ता देऊ नका. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधानाचा मसुदा मांडताना ते गावावर आणखी कडक बोलले. मसुद्यात व्यक्ती हा घटक धरला, गाव धरलं नाही, याचं त्यांना समाधान होतं. संविधान सभेत पुष्कळ सदस्य त्यांच्यावर नाराज झाले. अखेर 22 नोव्हेंबरला के. संथानम यांची दुरुस्ती आली, बाबासाहेबांनी ती स्वीकारली, आणि ग्रामपंचायती स्थापाव्यात हे मार्गदर्शक तत्त्वांत, कलम 40 म्हणून बसलं. मार्गदर्शक तत्त्व म्हणजे कोर्टात दाद मागता येत नाही असं.

तोवर औंधाची घटना संपली होती. 8 मार्च 1948 ला औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. नऊ वर्षांचं आयुष्य. आणखी पंचवीस वर्षं मिळाली असती तर आबा पारावर बसले असते का? मला वाटत नाही. राजानं दिलेली घटना रयतेनं मागून बदलून घ्यायची म्हणजे पुन्हा राजाकडंच जायचं, आणि आबांसारख्यांची हाक तिथवर पोचणार कशी? राजाचा चांगुलपणा निर्विवाद होता. अडचण अशी की चांगुलपणाकडं अर्ज करता येतो, दावा लावता येत नाही.

दिल्लीची घटना इथं वेगळी ठरते. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी अमेरिकेच्या जेफरसनचा दाखला दिला. एका पिढीनं पुढच्या पिढीला बांधून ठेवू नये, हे तत्त्व त्यांनी मान्य केलं आणि म्हणूनच दुरुस्तीची वाट फार बिकट ठेवलेली नाही, असं सांगितलं. ज्यानं लिहिलं त्यानंच बदलाची सोय करून ठेवली. काना-मात्रा हलवू नका म्हणणाऱ्यांनी हे भाषण पुन्हा वाचावं, अशी माझी विनंती आहे.

आता आमचा सातबारा. आज्जा ज्या आठ एकरांत राबला ती जमीन त्याची नव्हती. तो कूळ होता. मालक परगावी, खंड धान्यात. 1948 चा मुंबई कूळकायदा आला, 1956 मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला: त्या दिवशी जो कसत होता तो मालक. आज्जाच्या जमिनीची किंमत ठरली, त्यानं ती हप्त्यानं फेडली आणि त्याला कूळकायद्याच्या कलम 32 म खालचा खरेदीचा दाखला मिळाला. तो दाखला आमच्याकडं अजून आहे. पिवळट कागद, घडीवर फाटलेला, मागून खाकी कागद चिकटवलेला. खाली आज्जाची सही, म्हणजे 'स'ला रफार लागल्यासारखं काहीतरी. तालमीत दंड काढणाऱ्या माणसाचा हात त्या कागदावर थरथरला आहे हे रेघेवरून कळतं.

वकिलीचं शिक्षण घेताना मला समजलं की या कागदामागं देशाची पहिली घटनादुरुस्ती उभी आहे. संविधानानं संपत्तीचा हक्क मूलभूत ठेवला होता, आणि जमीनदार त्याच्या बळावर ठिकठिकाणी कोर्टात गेले होते. 1951 मध्ये पहिल्या दुरुस्तीनं नववं परिशिष्ट जोडलं. त्यात ठेवलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या नावावर धक्का लावता येऊ नये म्हणून. त्या यादीतला पहिला कायदा बिहारचा, दुसरा आमचा, 1948 चा मुंबई कूळकायदा. संविधान लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं. त्या वेळी संसदेनं 'नुकतंच लिहिलंय, हात लावू नका' असं म्हटलं असतं तर आज्जाचा नातू ही ओळ लिहायला शिकला असता का, मी सांगू शकत नाही. याच दुरुस्तीनं कलम 15 मध्ये मागासांसाठी खास सवलतींची तरतूद घातली, कारण मद्रासच्या आरक्षणाचा आदेश कोर्टानं रद्द केला होता.

आणि याच दुरुस्तीनं बोलण्याच्या स्वातंत्र्यावरचे निर्बंधही वाढवले. एका हातानं जमीन दिली, दुसऱ्या हातानं तोंडावर बोट ठेवलं. म्हणून 'दुरुस्ती चांगली की वाईट' असा घाऊक प्रश्नच मला मान्य नाही. एका कायद्याच्या पोटात दोन्ही असू शकतं. 1976 ची बेचाळिसावी दुरुस्ती तर विरोधक तुरुंगात असताना झाली, आणि तिनं लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं करून घेतली. ती चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं पुन्हा पाचावर आणावी लागली. प्रत्येक बदलाला मी आबांचा प्रश्न विचारतो: यानं लिंबाखालचं माणूस पाराकडं सरकलं, का पारावरच्यांनी आपली बैठक आणखी ऐसपैस केली?

या दुसऱ्या प्रकाराला आळा कुणी घालायचा, याचं उत्तर 24 एप्रिल 1973 ला आलं. केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी, सात विरुद्ध सहा अशा मतांनी, ठरवलं की संसद संविधान बदलू शकते, पण त्याचा मूळ गाभा मोडू शकत नाही. गाभा कशाला म्हणायचं यावर वाद आहेत आणि राहतील. न निवडून आलेल्या न्यायाधीशांच्या हाती ही किल्ली का, असंही लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण बेचाळिसावी दुरुस्ती आठवली की मला ही किल्ली कुणाच्या तरी हाती असलेली बरी वाटते.

बरोबर वीस वर्षांनी, 24 एप्रिल 1993 ला, पंचायतींची त्र्याहत्तरावी दुरुस्ती लागू झाली. त्याआधी 1989 मध्ये असाच एक प्रयत्न राज्यसभेत पडला होता. औंधाचं गाव-स्वराज्य कलम 40 च्या अडगळीतून उठून संविधानाच्या बांधीव भागात आलं. ग्रामपंचायत, तालुका, जिल्हा, दर पाच वर्षांनी निवडणूक. आणि त्याच्याबरोबर अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, बायकांना किमान एक तृतीयांश. बाबासाहेबांनी 1932 मध्ये घातलेली अट साठ वर्षांनी पुरी झाली. गांधीजींची पंचायत आणि आंबेडकरांची राखीव जागा यांची गाठ औंधच्या घटनेत पडली नाही, 1950 च्या संविधानातही पडली नाही. ती एका दुरुस्तीत पडली. मला यापेक्षा मोठा दाखला माहीत नाही.

आमच्या गावात ही दुरुस्ती माझ्या धाकल्या चुलतीच्या रूपानं आली. तिला आम्ही नानी म्हणतो. सरपंचपद महिला राखीव झालं आणि चुलत्यानं तिचा अर्ज भरला. पहिलं वर्ष कारभार चुलताच बघायचा. शिक्का त्याच्या खिशात, नानी म्हणजे सही. मग 2003 चा दुष्काळ आला. माणदेशात जनावरांच्या छावण्या पडल्या, गावाला टँकर सुरू झाला. टँकरच्या खेपांची वही सहीला घरी यायची. एका संध्याकाळी नानी चुलीपुढं बसली होती. वही पुढं आली. तिनं पान वाचलं, तव्यावरची भाकरी उलटली, आणि म्हणाली, "आज खेपा दोन झाल्या. हितं तीन लिवल्यात." टँकरवाल्या माणसानं सांगितलं, वैनी, वरनंच असं असतंय. नानी म्हणाली, "मी पाण्याच्या लायनीत उभी व्हते. मला दोनच दिसल्या." तिनं तिसरी खेप खोडली, खोडलेल्यावर सही केली आणि चुलत्याकडं हात पुढं करून शिक्का मागितला. त्या दिवसापासून शिक्का तिच्या कनवटीला आला. त्याच पंचायतीत आबांचा नातू सदस्य होता. दुसऱ्या दिवशी वही ग्रामसभेपुढं ठेवायची कल्पना त्याची.

पाण्याचं बोलायचं तर 1993 हे साल आटपाडीला आणखी एका कारणानं लक्षात आहे. त्याच वर्षी नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांच्या पुढाकारानं इथं दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. मागणी अशी की कृष्णेचं पाणी दुष्काळी मुलखाला मिळावं, आणि समन्यायी मिळावं, ज्याच्याकडं जमीन नाही त्या घरालाही त्याचा वाटा असावा. जगण्याच्या हक्कात स्वच्छ पाणी येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्येच म्हटलं होतं, कलम 21 चं एक अक्षर न बदलता. संविधान असंही बदलतं. टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी आज तालुक्यात आलंय, डाळिंबाच्या बागा दिसतात, सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली पोरं सणाला आली की बांधावर उभी राहून फोटो काढतात. सगळ्या वाड्यांना ते सारखं पोचलं आहे असं मात्र मी म्हणणार नाही.

म्हणून नवं संविधान लिहा म्हणणाऱ्यांना माझं सांगणं असं की आहे त्याचं राहिलेलं काम आधी बघा. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनं अकराव्या परिशिष्टात 29 विषय पंचायतींसाठी मांडून ठेवले: पिण्याचं पाणी, लघुपाटबंधारे, शाळा, आरोग्य. पण ते द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे राज्यांच्या मर्जीवर ठेवलं. मर्जी म्हटली की पुन्हा राजाचा चांगुलपणा आला, आणि इथले राजे पंतांसारखे नाहीत. दर पाच वर्षांनी निवडणूक हे संविधानात स्पष्ट असूनही 2022 पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या वर्षानुवर्षं प्रशासकांकडं राहिल्या. मला एक दुरुस्ती हवी आहे. पाणी, शाळा आणि दवाखाना हे तीन विषय आणि त्यांचा ठरलेला पैसा गावाचा, असं संविधानातच लिहावं, आणि निवडणूक लांबली तर कुठल्याही मतदाराला उच्च न्यायालयात दाद मागता यावी, ठरलेल्या मुदतीत. नानीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, टँकरच्या वहीचंबी घाल त्यात, ती ग्रामसभेत दर महिन्याला वाचलीच पायजे.